अण्णांसाठी बसवलेली जाळी

आमच्या थेरगावच्या फ्लॅटचं तोंड दक्षिणेला आहे. घर घेताना त्यावरून नातेवाइकांनी आमचं डोकं खाल्लं होतं. दक्षिणेचं घर लाभत नाही, माणूस टिकत नाही, वगैरे. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा धडधाकट होते. पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्याच्या मशीन शॉपमधून नुकतेच निवृत्त झाले होते. ते म्हणाले, "पूर्वेच्या घरातली माणसं काय अमरपट्टा घेऊन येतात का?" विषय संपला. आमच्याकडे असले विषय लवकर संपायचे. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि दिशांना भिणारं घरात कुणी नव्हतं. आई असती तर तीही हेच म्हणाली असती, जरा गोड शब्दांत. पण ती त्याआधीच गेली होती.

मला मात्र ती दक्षिण मनापासून आवडली, आणि त्याला कारण माझा धंदा. मी आर्किटेक्ट आहे. बंगले-बिंगले माझ्या वाट्याला फारसे आले नाहीत. चाकणच्या पट्ट्यातल्या कंपन्यांची ऑफिसं, कँटीन, ट्रेनिंगच्या इमारती, हेच माझं पोट. त्यात हळूहळू माझ्याकडे उन्हाचं खातं आलं. इमारतीत उजेड यावा पण ऊन येऊ नये, डोळ्यांना त्रास होऊ नये, दिवसा दिवे लावावे लागू नयेत, एवढंच ते काम. ऐकायला सोपं वाटतं. दक्षिणेचं ऊन त्यातल्या त्यात समंजस. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तो आत डोकावतही नाही. थंडीत तो खाली कलतो आणि हवाहवासा होऊन घरात येतो. लबाड ऊन पश्चिमेचं.

आमच्या भागात हल्ली काचेचा जो सुळसुळाट झालाय त्याने माझं डोकं उठतं. भर उन्हाच्या देशात काचेची पेटी बांधायची, आत माणसं भाजायला लागली की एसी वाढवायचा, कॉम्प्युटर दिसेना की पडदे ओढायचे, अंधार झाला की दिवे लावायचे, आणि एवढं सगळं झाल्यावर दारात पाटी लावायची की ही पर्यावरणपूरक इमारत आहे. वरून कीर्तन, आतून तमाशा. मी मीटिंगमध्ये हे बोलून दाखवते म्हणून माझी कामंही कधीमधी जातात.

त्यावरचा इलाज आपल्याकडे जुनाच आहे. जाळी. दगडी जाळ्या सहलीला जाऊन सगळ्यांनी पाहिलेल्या असतात, त्यांच्यासमोर उभं राहून फोटोही काढलेले असतात. पण ती कशासाठी होती ते कुणी विचारत नाही. जाळी म्हणजे भोकं पाडलेली भिंत नव्हे. तिचं सगळं काम तिच्या जाडीत असतं. भोक जेवढं रुंद, साधारण तेवढीच जाडी असली, की वरून किंवा बाजूने तिरपं येणारं ऊन भोकाच्या कडेवर आपटतं आणि मऊ होऊन आत उतरतं. वाराही येतो. बाहेरचं दिसतं, पण बाहेरच्याला आतलं दिसत नाही. आता लोक काय करतात, तर पातळ पत्र्याला लेझरने वेलबुट्टी कापतात आणि दर्शनी भागाला ठोकतात. पत्रा तापतो, ऊन जसंच्या तसं आत येतं. ती जाळी नाही, जाळीचा फोटो आहे. हे सगळं मी इतक्या जणांना सांगितलंय की सांगताना माझा मलाच कंटाळा येतो. पण त्या वर्षी हे मला माझ्या घरासाठी करावं लागलं.

अण्णांना विसर पडायला लागला होता. सुरुवातीला नावं, मग रस्ते. एकदा डांगे चौकातून भाजी घेऊन येताना ते भलत्याच गल्लीत शिरले आणि एका दुकानदाराने त्यांना रिक्षात घालून घरी पाठवलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि तो बरा होणारा नाही हेही सांगितलं. मग हळूहळू त्यांची भाषाही बदलली. अण्णा मूळचे मावळातले. कंपनीत इतकी वर्षं काढून त्यांची जीभ शहरी झाली होती. आजाराने ते वरचं पाणी उतरलं आणि खालून त्यांच्या गावाची बोली वर आली. ते "व्हय" म्हणायला लागले, "न्हाई" म्हणायला लागले. मला ते ऐकून आधी गंमत वाटली, नंतर ते ऐकवेना, कारण त्या बोलीत मी कुठेच नव्हते. ती माझ्या जन्माच्या आधीची होती.

तशात आमच्यासमोर, जरा डाव्या अंगाला, एक काचेची इमारत उभी राहिली. दुपार कलली की पश्चिमेचं ऊन तिच्यावर आदळायचं आणि परतून थेट आमच्या हॉलमध्ये घुसायचं. त्या झगझगाटात अण्णा डोळ्यांवर हात घेऊन ओरडायचे. कंपनीत वेल्डिंग चाललेलं असताना काच न लावता बघितल्यावर माणूस करतो तसं. म्हणून दिवसा त्यांच्याजवळ असणाऱ्या मावशी जाड पडदे ओढून घ्यायच्या. पडदे ओढले की हॉलमध्ये तिन्हीसांजेसारखा अंधार व्हायचा, आणि अण्णा दुपारीच कपडे करून उभे राहायचे.

"डबा भरला का? सेकंड शिफ्ट हाय माझी. बस निघून जाईल."

मावशी समजावायच्या, दार लावून घ्यायच्या. मग ते दार वाजवत राहायचे. दिवसभर अंधार, रात्री जाग, सकाळी ग्लानी. डॉक्टर म्हणाले, यांना दिवस आणि रात्र यांतला फरक कळायला हवा, घरात भरपूर उजेड ठेवा. म्हणजे पडदा उघडला तर झगझगाट आणि झाकला तर शिफ्ट. इकडे आड तिकडे विहीर.

माझा धाकटा भाऊ चाकणला एका कंपनीत सुपरवायझर आहे, मोशीला राहतो. त्याचा जीव अण्णांवर माझ्याइतकाच आहे, पण तो माझ्यासारखा हट्टी नाही. त्याने तळेगाव दाभाड्याजवळ अशा माणसांसाठी असलेलं एक केंद्र पाहून ठेवलं होतं.

"ताई, तिथं चोवीस तास माणसं असतात. तू काम सोडून किती धावणार? आणि मावशी तरी किती पुरणार?"

"अण्णांना घरातून हलवायचं नाही."

"अगं, पण त्यांना तरी कुठं कळतंय घर कुठलं ते?"

त्या वाक्यावर मी त्याला नाही नाही ते बोलले. शेवटी असं ठरलं की थंडी संपेपर्यंत तो थांबेल. तोवर अण्णांचं बरं चाललं तर ते घरीच राहतील, नाहीतर तळेगाव. मी त्याला छातीवर हात ठेवून सांगितलं, "हा उजेडाचा घोळ आहे. उजेड नीट झाला की अण्णा घरात राहतील." मला तसं मनापासून वाटत होतं. दुसऱ्या कशावर माझी हुकमत नव्हती. उजेडावर होती.

आमच्या इमारतीत सगळ्यांनी बाल्कनी हॉलमध्ये ओढून घेतली आहे, तशी आम्हीही घेतली होती. तिच्या बाहेरच्या काठावर मी भाजलेल्या मातीच्या ठोकळ्यांची जाळी रचून घ्यायचं ठरवलं. लगेच सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. एलिव्हेशन बिघडतं, म्हणाले. ज्या इमारतीच्या दर्शनी भागाला एसीचे खोके, वाळत घातलेल्या गोधड्या आणि दोन पक्षांचे फ्लेक्स लटकतात, तिचं एलिव्हेशन! मी त्यांना तसं म्हणाले नाही, हे माझ्या आयुष्यातल्या मोजक्या संयमांपैकी एक. त्यांना खुर्चीत बसवून अण्णांना बोलावलं. ऊन नेमकं तेव्हाच समोरच्या काचेवरून आलं. अण्णांनी डोळे झाकून जो आवाज काढला तो ऐकून सेक्रेटरी चहा न घेता उठले. परवानगी मिळाली.

ठोकळे उभ्या चौकोनाऐवजी कोनावर उभे केले, म्हणजे भोकं शंकरपाळ्यासारखी झाली. डावीकडून काचेवरचं जे तिरपं ऊन यायचं ते त्या जाडीत अडकलं पाहिजे, हे पहिलं. भोकं मात्र नेहमीपेक्षा जरा मोठी ठेवली, ती मुद्दाम. थंडीतलं दुपारचं ऊन थोडं आत यावं, अण्णांच्या खोलीच्या दारापाशी जमिनीवर पडावं, असा माझा हिशेब होता. म्हाताऱ्या माणसाचे पाय थंडीत गार पडतात. दुपारी खुर्ची टाकून त्यांनी तिथे पाय सोडून बसावं, असं मी मनात चित्र काढलं होतं. कामासाठी मी पुष्कळ इमारतींचा सूर्य मोजलाय, पण इतक्या मायेने कुठल्याच इमारतीचा मोजला नव्हता.

उन्हाळ्याच्या शेवटी जाळी बसली आणि पावसाळाभरात घर बदललं. खरंच बदललं. हॉलमध्ये दिवसभर दुधासारखा उजेड असायचा. सकाळ सकाळसारखी दिसायची आणि संध्याकाळ संध्याकाळसारखी. अण्णांनी दुपारी डबा मागणं सोडलं. ते खुर्चीत बसून मावशींना मेथी निवडून द्यायचे, शेंगा सोलून द्यायचे, शेंगांतले अर्धे दाणे स्वतः खायचे. रात्री झोपायचे. एकदा जाळीवर हात फिरवून म्हणाले, "कंपनीनं काम चांगलं केलंय." कंपनी कसली, मी केलंय, असं सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. भाऊ यायचा, बघून जायचा. एकदा जाताना म्हणाला, "ताई, तुझं बरोबर होतं बहुतेक." मी त्या दिवशी रस्त्यावरच्या पेढेवाल्याकडून पेढे आणले. असं जिंकल्याचं सुख मला कुठल्याही कामाने दिलं नव्हतं.

दिवाळी झाली, हवेत गारठा आला आणि सूर्य खाली आला. ठरल्याप्रमाणे ऊन जाळीतून आत यायला लागलं. जमिनीवर, अण्णांच्या खोलीच्या दारासमोर, आडव्यातिडव्या रेघांची लांबरुंद चादर पडायची. मी फोटो काढून ऑफिसातल्यांना पाठवले. सगळ्यांनी अंगठे दाखवले.

त्याच आठवड्यात मावशींचा फोन आला. "ताई, अण्णा खोलीतून बाहेरच येईनात. जेवायलासुद्धा येईनात."

मी आधी मनावर घेतलं नाही. पण ते रोजचं झालं. सकाळी ते नीट उठायचे, हॉलमधून बाथरूमला जायचे, चहा घ्यायचे, पुन्हा खोलीत जायचे. उन्हं जमिनीवर आली की त्यांचे पाय उंबऱ्यावरच थांबायचे. दोन्ही पाय जुळवून, हात चौकटीला धरून ते तसेच उभे राहायचे. मावशी हात धरून ओढायला गेल्या तर त्यांनी त्यांनाच मागे ढकललं. बाथरूम हॉलच्या पलीकडे. मग जे व्हायचं ते व्हायचं. पायजमा ओला, जमीन ओली आणि अण्णा ओशाळलेले. ज्या माणसाने आयुष्यभर स्वतःचे कपडे स्वतः धुतले, इस्त्री केल्याशिवाय अंगात घातले नाहीत, तो माणूस भिंतीकडे तोंड करून उभा. मावशी बिचाऱ्या पुसून घ्यायच्या. मला ते आठवलं की अजूनही जेवण जात नाही.

भाऊ म्हणाला, पाय गेले असतील. डॉक्टरांनी पाय तपासले, पाय ठणठणीत. मग म्हणाले, आजार पुढे सरकला असेल. मी सतरंजी आणून अंथरली, फरशी गार लागत असेल म्हणून. ऊन सतरंजीवर पडलं आणि अण्णा सतरंजीच्या अलीकडे थांबले. पडदा ओढून बघितला. पडदा ओढताच ते झपझप बाहेर आले आणि म्हणाले, "डबा द्या. शिफ्टला उशीर झाला." आम्ही फिरून होतो तिथेच आलो. भावाने तळेगावला फोन करून खोलीची चौकशी केली. त्याने ते माझ्यापासून लपवलं नाही, आणि मीही या खेपेला भांडले नाही.

त्याच दिवसांत मला कामासाठी निघोज्याला जावं लागलं. तिथल्या एका कंपनीत शॉपला लागून नवीन ऑफिस होणार होतं, त्याच्या पश्चिमेच्या भिंतीला जाळी घालायची होती. डोक्याला हेल्मेट, पायात त्यांचे जड बूट, आणि मी हातातल्या नकाशात बघत चाललेली. अचानक त्यांच्या सेफ्टी ऑफिसरने माझा दंड धरून मागे ओढलं.

"मॅडम, सॉरी. कीप क्लिअर आहे ते."

मी खाली बघितलं. माझ्या बुटाच्या टोकापुढे जमिनीवर पिवळ्या रंगाने एक मोठा चौकोन आखला होता आणि त्यात आडव्यातिडव्या तिरप्या रेघा मारल्या होत्या. वर क्रेनचा हूक लोंबत होता. आजूबाजूला माणसं पिवळ्या पट्ट्यांच्या आतून, एकामागे एक, मुंग्यांसारखी चालत होती आणि त्या रेघांवर कुणाचाही पाय पडत नव्हता. कुणी खाली बघतही नव्हतं. पायांनाच माहीत होतं.

मी तशीच उभी राहिले. तो ऑफिसर बापडा पुन्हा पुन्हा विचारत होता, लागलं का मॅडम, जोरात ओढलं का. मी मीटिंग अर्धवट टाकली आणि स्कूटर काढली.

तळवड्याच्या सिग्नलला थांबले तेव्हा मला लहानपणीचा एक दिवस लख्ख आठवला. अण्णा फर्स्ट शिफ्ट करून आले आणि जेवले नाहीत. आईने विचारलं तर म्हणाले, आमच्या शॉपमधला एक माणूस गेला. कीप क्लिअरमध्ये उभा होता. मी त्याला हाक मारणार होतो, तेवढ्यात वरून क्रेनला टांगलेला जॉब सुटला. एवढंच बोलले. त्यानंतर आमच्या घरात एक विचित्र शिस्त आली. रस्ता ओलांडताना पट्टे बघायचे, रेल्वे फाटकाच्या रेघेअलीकडे थांबायचं, लिफ्ट चालू असताना तिच्या दारापासून लांब उभं राहायचं. आम्ही भावंडं त्यांची टिंगल करायचो. भाऊ तर जमिनीवर खडूने रेघा मारायचा आणि त्यावर उड्या मारून अण्णांना चिडवायचा. अण्णा चिडायचे नाहीत. हाताला धरून त्याला बाजूला घ्यायचे.

बाकी सगळं विसरले, आईचं नाव विसरले, हे विसरले नव्हते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. त्या घरात मी माझ्या हाताने, सूर्य मोजूनमापून, त्यांच्या दारासमोर तो चौकोन आखून दिला होता.

पण खरं सांगते, स्कूटरवर मला वाईट वाटत नव्हतं. मला आनंद झाला होता. कारण सापडलं होतं! पाय गेले नव्हते, आजार पुढे सरकला नव्हता, उजेडाचाच घोळ होता, म्हणजे तो मला सोडवता येणार होता. जाळीच्या आतून पातळ पांढरं कापड ताणायचं. उजेड राहील, रेघा पुसल्या जातील. भावाला फोन करून काय सांगायचं त्याची वाक्यं मी मनात जुळवतच घरी आले.

दार उघडलं तेव्हा उन्हं बरोबर खोलीच्या दारासमोर पसरली होती. अण्णा चौकटीत उभे. मावशी म्हणाल्या, "बाथरूमला जायचंय त्यांना, कळतंय, पण हलंनात." त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतच होतं. आता कापड आणायला वेळ नव्हता. मला वाटलं, एकदा दाखवलं की त्यांची भीती जाईल. लहान मुलाला पाण्यात उतरवताना आपण आधी उतरतो, तसं.

मी चप्पल काढली आणि त्या रेघांच्या मधोमध जाऊन बसले. मांडी घालून.

"अण्णा, बघा. ऊन आहे नुसतं. काही होत नाही. या."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि मग वर, छताकडे बघितलं. छताला पंखा होता. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. "ओ मॅडम!" ते ओरडले. "बाजूला व्हा! आवो, बाजूला व्हा!"

मी हसत होते. हसतच म्हणाले, "अण्णा, मी आहे."

आणि अण्णा रेघांच्या आत आले. इतके दिवस ज्या रेघांवर त्यांनी अंगठासुद्धा टेकवला नव्हता, स्वतःचे कपडे ओले झाले तरी टेकवला नव्हता, त्या रेघांवरून ते धावत आले. सत्तरी उलटलेला माणूस. एका हाताने त्यांनी माझं डोकं झाकलं, दुसऱ्याने दंड धरला आणि मला फरफटत भिंतीपर्यंत नेलं. मावशी किंचाळल्या. आम्ही दोघं भिंतीला टेकलो तेव्हा त्यांचा पायजमा ओला झाला होता, पण या वेळी त्यांना त्याची लाज वाटली नाही. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते माझ्या डोक्यावरून, खांद्यांवरून हात फिरवून बघत होते, कुठे लागलंय का ते.

"लागलं न्हाई न्हवं? हितं थांबू नगा. आमचा एक माणूस गेलाय हितं."

"नाही लागलं," मी म्हणाले.

"नवीन हाय का तुमी कंपनीत?"

मी मान हलवली.

"घरी कोन हाय तुमच्या?"

"वडील आहेत."

अण्णांनी सुस्कारा सोडला. माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं, परक्या बाईला थोपटावं तसं, जरा संकोचून.

"मंग जावा घरी, मॅडम. वाट बघत असत्याल. आमचं काय, आमची शिफ्ट सुटायला टाइम हाय अजून."

मावशींनी त्यांना आत नेलं, कपडे बदलले. मी तिथेच भिंतीला टेकून बसून राहिले आणि रडले. मावशींनी माझ्यापुढे पाणी आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी पांढरं कापड आणून जाळीच्या आतून ताणलं. माझा हिशेब बरोबर निघाला. रेघा पुसल्या गेल्या, उजेड राहिला. भर दुपारी अण्णा खोलीतून बाहेर आले, सरळ चालत बाथरूमला गेले, परत आले आणि खुर्चीत बसून शेंगा सोलायला लागले. मावशींना इतका आनंद झाला की त्यांनी माझ्याआधी भावालाच फोन करून सांगितलं.

संध्याकाळी मी भावाला फोन केला. तो खुशीत होता. "म्हणजे जिंकलीस बघ तू," म्हणाला. "उजेडच होता शेवटी. राहू दे अण्णांना घरी."

मी म्हणाले, "तळेगावची खोली घे."

तो म्हणाला, "अगं, पण आता तर चालतायत ते."

चालत होतेच. पण मी त्यांना घरी ठेवायला भांडत होते आणि ते घरी नव्हतेच. त्या खुर्चीत, त्या चांगल्या उजेडात, ते शिफ्ट सुटायची वाट बघत बसले होते, आणि रोज त्यांच्यासमोर मॅडम म्हणून ये-जा करायची ताकद माझ्यात नव्हती. हे मी भावाला समजावून सांगू शकले नाही. नुसतं म्हणाले, "घे खोली. माझं ऐक."

"बरं," तो म्हणाला. "दोन खोल्या रिकाम्या आहेत म्हणत होते. तुला चालेल अशी बघतो. खिडकी कुठल्या बाजूची हवी?"

"कुठल्याही," मी म्हणाले.